आदिसच्या रात्री, न्यूयॉर्कची तबकडी

१९७२ साली न्यूयॉर्कमधल्या ‘वर्दी रेकॉर्ड्स’ या छोट्याशा कंपनीनं सात गतींची एक एलपी बाजारात आणली. नाव होतं ‘मुलातू ऑफ इथिओपिया’. संगीतकार मुलातू अस्तातके तेव्हा तिशीच्या आतले होते. तबकडीवर सुई टेकवली की खालून बास गिटार आणि काँगांचा फंक ठेका सुरू व्हायचा, अमेरिकेतल्या कुठल्याही क्लबात शोभेल असा. त्यावर येणारी चाल मात्र अमेरिकेची नव्हती. ती पाचच स्वरांत फिरायची, एखाद्या स्वरावर रेंगाळायची आणि जाझच्या सवयीच्या कानाला अनपेक्षित वाटेल अशा जागी थांबायची. तबकडी फारशी कुणाच्या हाती लागली नाही. पुढची काही दशकं जुन्या रेकॉर्ड शोधत हिंडणारे लोक तिच्यासाठी जीव टाकत राहिले. २०१७ मध्ये लंडनच्या ‘स्ट्रट’ या कंपनीनं ती मूळ टेपवरून पुन्हा विनाइलवर काढली. मधे पंचेचाळीस वर्षं गेली होती.

दुर्मीळ रेकॉर्ड म्हटली की संग्राहक किती प्रती निघाल्या आणि कव्हर शाबूत आहे का, एवढं विचारतात. या तबकडीबाबत तेवढ्यानं भागत नाही. ती छापली गेली न्यूयॉर्कमध्ये; तिच्यामागचं संगीत ज्या शहरात फुललं त्या आदिस अबाबात तबकड्या काढण्यावर बादशहाच्या फर्मानाची बंदी होती. ती बंदी कुणी तरी मोडली, तर पाचेक वर्षांत लष्कर आलं आणि रात्रीच्या रस्त्यांवर संचारबंदी लागली. मग माणसं देश सोडून गेली. ही तबकडी दुर्मीळ होण्यात बाजाराचा वाटा आहेच, पण तिची वाट अडवणाऱ्या गोष्टींना तारखा आहेत आणि त्या माणसांनीच घडवलेल्या आहेत.

मराठी मुलखाला हबसाण, म्हणजे इथिओपिया, तसं अनोळखी नाही. निजामशाही सांभाळणारा आणि खडकी वसवणारा मलिक अंबर तिथलाच. पण आपली ओळख सतराव्या शतकापाशी थांबते. आपल्या कथेतल्या हबसाणाची सुरुवात १८९६ पासून करावी लागते. त्या वर्षी आडवाच्या लढाईत सम्राट मेनेलिक यांच्या फौजेनं इटलीचा पराभव केला. युरोपी सत्तेला रणांगणात हरवून स्वतंत्र राहिलेल्या या आफ्रिकी राज्याशी मैत्री जोडायला युरोपातले दरबार पुढे सरसावले. रशियाच्या झारनं पितळी वाद्यांचा संच पाठवला आणि सोबत शिकवणारा माणूसही. इथिओपियाच्या आधुनिक संगीतातली तुतारी-सॅक्सोफोनची परंपरा अशी दरबारी भेटवस्तूतून सुरू झाली.

तिला बळ मिळालं ते १९२४ मध्ये. पुढे हैले सेलासी या नावानं सम्राट झालेले रास तफारी त्या वर्षी जेरुसलेमला गेले होते. तिथल्या आर्मेनियन मठात त्यांना चाळीस अनाथ मुलं भेटली. तुर्कस्तानातल्या कत्तलीतून वाचलेली ही मुलं बँड वाजवायची. रास तफारींनी त्या सगळ्यांना आदिसला आणलं आणि त्यांचा सरकारी बँड केला. इथिओपियात ही मुलं ‘अर्बा लिजोच’, म्हणजे चाळीस पोरं, याच नावानं ओळखली गेली. त्यांचे बँडमास्तर केवोर्क नाल्बान्दियान यांनीच साम्राज्याचं राष्ट्रगीत रचलं. निर्वासित पोरांचा ताफा परक्या देशाचं राष्ट्रगीत वाजवतो आणि तोच त्या देशाच्या आधुनिक वाद्यवृंदाचा पाया ठरतो, अशी गोष्ट संगीताच्या इतिहासात क्वचितच सापडते.

केवोर्क यांचे पुतणे नेर्सेस नाल्बान्दियान यांनी हे काम पुढे नेलं. राज्याभिषेकाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९५५ मध्ये, आदिसला हैले सेलासी थिएटर उभं राहिलं. नेर्सेस तिथल्या वाद्यवृंदाचे आधारस्तंभ होते. देशी चाली पितळी वाद्यांसाठी कशा मांडायच्या, किती वाद्यं एका सुरात ठेवायची आणि किती वेगळी करायची, हे त्यांनी एका पिढीला शिकवलं. वादक आणि गायक मात्र जवळजवळ सगळेच पगारी नोकर होते. शाही अंगरक्षक दलाचा बँड, लष्कराचा, पोलिसांचा, नगरपालिकेचा, असे ताफे होते. तिलाहुन गेसेसे, महमूद अहमद, बिझुनेश बेकेले हे पुढे घराघरांत पोचलेले आवाज अंगरक्षक दलाच्याच बँडमधून आले. दिवसा संचलन आणि संध्याकाळी नाचाचं संगीत, अशी त्यांची नोकरी होती.

सरकारी छत्राखालच्या संगीताची मर्यादा डिसेंबर १९६० मध्ये कळून आली. सम्राट ब्राझीलच्या दौऱ्यावर असताना अंगरक्षक दलाच्या प्रमुखानंच उठाव केला. तो काही दिवसांत मोडला आणि पुढे त्या प्रमुखाला फाशी झाली. दलाच्या बँडवरही संशयाची सावली पडली. तिलाहुन गेसेसेंना अटक झाली. गाणाऱ्यांच्या मनात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली: ज्याच्या पगारावर गायचं, त्याच्या पडझडीत आपणही सापडणार. साठच्या दशकात हॉटेलांच्या आश्रयानं खाजगी बँड उभे राहिले, त्यामागे हेही एक कारण होतं.

मुलातू अस्तातके या सरकारी वर्तुळाच्या बाहेरून आले. त्यांचा जन्म १९४३ मध्ये नैर्ऋत्य इथिओपियातल्या जिम्मा गावी झाला. घर सुस्थितीतलं होतं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांना इंजिनियर करायला वेल्समधल्या लिंडिसफार्न कॉलेज या निवासी शाळेत धाडलं गेलं. तिथल्या शिक्षकांच्या लक्षात आलं की या मुलाचा ओढा गणितापेक्षा वाद्यांकडे आहे. मग लंडनचं ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिक झालं आणि तिथून ते अमेरिकेत बोस्टनच्या बर्कली संस्थेत पोचले. जाझ हा रीतसर अभ्यासाचा विषय मानणारी ही संस्था. तिथला पहिला आफ्रिकी विद्यार्थी म्हणून मुलातूंचं नाव घेतलं जातं. वाद्य त्यांनी निवडलं व्हायब्राफोन. यात धातूच्या पट्ट्यांवर काठीनं आघात करतात. पट्ट्यांखालच्या नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर चकत्या फिरतात आणि स्वर लाटेसारखा थरथरत राहतो.

बर्कलीत त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो आपल्याकडच्या संगीतप्रेमींना चटकन कळेल. इथिओपियातल्या बऱ्याचशा पारंपरिक गाण्याचा आधार म्हणजे चार ‘किन्येत’: टिझिटा, बाती, आंबासेल आणि आंचिहोये. प्रत्येकात पाचच स्वर. टिझिटाच्या एका रूपाचे स्वर आपल्या भूपाचेच आहेत. बातीचं एक रूप धानीच्या स्वरांत बसतं, तर आंबासेलचे स्वर गुणक्रीचे. आंचिहोयेला मात्र आपल्याकडे सहज जोड मिळत नाही. स्वर सारखे म्हणून राग सारखा होत नाही, हे आपल्याला सांगायला नको. चलन वेगळं आणि ठहरावही वेगळे. पण अडचण कळायला एवढं साम्य पुरे आहे. भूपाच्या चालीखाली पियानोवर सरळसोट पाश्चात्त्य स्वरसंगती लावली की मध्यम आणि निषाद आपसूक आत शिरतात आणि भूप कुठे तरी हरवतो. जाझचा तर सगळा डोलारा स्वरसंगतीवर उभा. पाच स्वरांची चाल आणि बारा स्वरांची संगती एकत्र नांदवायची, तर चालीचा रंग कसा टिकवायचा?

मुलातूंनी उत्तर काढलं ते असं. चाल शक्यतो एकसुरात वाजवायची, म्हणजे सॅक्सोफोन, बासरी, व्हायब्राफोन सगळ्यांनी मिळून किन्येतचे पाच स्वरच बोलायचे. खाली बासनं लहानसा आवर्ती तुकडा धरून ठेवायचा. बाकीचे स्वर पियानोतून किंवा ऑर्गनमधून अगदी जपून, बाजूनं आणायचे. या पद्धतीला त्यांनी ‘इथिओ-जाझ’ म्हटलं. दक्षिण इथिओपियातल्या देराशे लोकांच्या बांबूच्या वाद्यांत आधुनिक जाझला प्रिय असलेली अर्ध्या-पूर्ण स्वरांतरांची रचना पूर्वापार आहे, असंही ते वारंवार सांगत आले. आफ्रिकेनं जाझला नुसता ताल दिला ही समजूत त्यांना मान्य नव्हती.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी ‘इथिओपियन क्विंटेट’ या नावानं ‘आफ्रो-लॅटिन सोल’चे दोन भाग ध्वनिमुद्रित केले. कंपनी तीच, वर्दी, आणि निर्माते गिल स्नॅपर. तेव्हाच्या न्यूयॉर्कमध्ये प्वेर्तो रिको आणि क्यूबाहून आलेल्या तालांचा जोर होता. त्यामुळे या दोन तबकड्यांत लॅटिन बाज वरचढ आहे आणि इथिओपिया अधूनमधून डोकावतो. प्रयोगाची दिशा सापडली होती; प्रमाण अजून जुळायचं होतं.

साठच्या दशकाच्या अखेरीस मुलातू आदिसला परतले, तेव्हा शहर बदललेलं होतं. १९६३ मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटनेची स्थापना इथंच झाली होती आणि खंडभरच्या मुत्सद्द्यांची ये-जा वाढली होती. अमेरिकेच्या पीस कोअरचे तरुण स्वयंसेवक सोबत रेकॉर्ड घेऊन येत. अस्मारातल्या कॅग्न्यू या अमेरिकी लष्करी तळाच्या रेडिओवरून सोल संगीत ऐकू येई. रास, घियोन, वाबी शेबेले अशा हॉटेलांत बँड वाजत. अलेमायेहू एशेते जेम्स ब्राउनच्या ढंगात अंग घुसळत गात. गेताच्यू मेकुरिया सॅक्सोफोनवर ‘शेलेला’ वाजवत. शेलेला हे लढवय्यांचं आवेशाचं गाणं. आपल्या पोवाड्याचा चढा सूर एखाद्यानं शाहिराऐवजी सॅक्सोफोनमधून काढावा, तसा तो प्रकार होता. मुलातू सोबत व्हायब्राफोन घेऊन आले होते आणि पाश्चात्त्य स्वरसंगतीच्या कल्पनाही. सुरुवातीला ते काहींना रुचलं नाही. आपली गाणी बिघडवली जाताहेत, अशी कुरकुर झाली.

एवढं संगीत वाजत होतं, पण तबकडीवर उतरत नव्हतं. १९४८ च्या शाही फर्मानानं रेकॉर्ड काढण्याचा एकाधिकार ‘आगेर फिकेर’ या देशप्रेमी संस्थेला दिलेला होता. नव्या ढंगाचं संगीत छापण्यात तिला रस नव्हता आणि दुसऱ्यानं छापलं तर तो गुन्हा. आदिसमध्ये रेकॉर्डचं दुकान चालवणारे तरुण अम्हा एशेते यांना हे पटेना. गाणारे आहेत, ऐकणारे आहेत, दुकानही आहे. मग मधे अडसर कशाचा? १९६९ मध्ये त्यांनी फर्मान धुडकावलं, अलेमायेहू एशेतेंच्या गाण्यांच्या पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या परदेशी कारखान्यातून छापून आणल्या आणि विकायला ठेवल्या. धमक्या आल्या, पण तबकड्या धडाक्यात खपल्या आणि बादशाही यंत्रणेनं अखेर दुर्लक्ष केलं. सम्राट वृद्ध झाले होते आणि राजवटीची पकड ढिली पडत चालली होती. अम्हा रेकॉर्ड्सनं पुढच्या काही वर्षांत शंभरावर छोट्या तबकड्या आणि डझनभर एलपी काढल्या. त्यांच्या मागोमाग ‘कैफा’सारख्या कंपन्या आल्या. १९६९ ते १९७८ या काळात इथिओपियाच्या संगीताच्या साधारण पाचशे छोट्या तबकड्या आणि तीसेक एलपी निघाल्या. एका देशाच्या विनाइल युगाचं सगळं भांडवल एवढंच.

या घुसळणीच्या मधोमध, १९७२ मध्ये, मुलातू पुन्हा न्यूयॉर्कला गेले आणि ‘मुलातू ऑफ इथिओपिया’ ध्वनिमुद्रित करून आले. सहा वर्षांपूर्वीच्या तबकड्यांशी तुलना केली की मधल्या काळात आदिसनं त्यांना काय दिलं ते लक्षात येतं. लॅटिन ताल मागे सरला आहे आणि काँगा उरले आहेत. त्यांच्या जोडीला फंकचा जड, थांबत-थांबत पडणारा ठेका आला आहे. न्यूयॉर्कच्या सरावलेल्या वादकांकडून मुलातूंनी किन्येतची शिस्त पाळून घेतली आहे. कुणी एकल वादनात भरारी मारायला निघालं तरी बासचा आवर्ती तुकडा त्याला घरी परत आणतो. जाझमध्ये एकल वादन म्हणजे उत्कर्ष. इथं मात्र चाल मोठी आणि वादक तिच्या आज्ञेत.

गतींची नावं सांगतात की सामग्री कुठून आली. ‘कुलुमान्क्वेलेशी’ हे इथिओपियातलं लग्नाचं गाणं आहे, नवरीच्या डोळ्यांतल्या काजळाविषयीचं. ‘मास्कारम सेताबा’त इथिओपियन नववर्षाच्या पहिल्या महिन्याचा उल्लेख येतो, पावसाळा सरल्यावर, आपल्या सप्टेंबरात, तो महिना लागतो. ‘देवेल’ म्हणजे चर्चची घंटा. लग्न, ऋतू आणि चर्च हा गावच्या जगण्याचा ऐवज, आणि तो वाजतो आहे वीज खेळवलेल्या वाद्यांवर. मुलातूंचा आग्रह हाच होता की ही दोन जगं एकमेकांना सजावट म्हणून वापरणार नाहीत. फंकचा ठेका काढून घेतला तर गत कोसळते आणि किन्येत काढून घेतला तरी कोसळते.

त्याच ‘देवेल’ला पुढच्या वर्षी एक मोठा मान मिळाला. १९७३ च्या अखेरीस ड्यूक एलिंग्टन आपला वाद्यवृंद घेऊन आदिसला आले. अमेरिकेचं परराष्ट्र खातं जाझच्या दिग्गजांना सांस्कृतिक दूत म्हणून जगभर पाठवत असे. दहा वर्षांपूर्वी, १९६३ मध्ये, अशाच दौऱ्यात एलिंग्टन मुंबईतही वाजवून गेले होते. आदिसमध्ये पाहुण्यांची सोबत करण्याचं काम मुलातूंकडे आलं. त्यांनी एलिंग्टनच्या वादकांसाठी ‘देवेल’ची मांडणी लिहून दिली आणि त्या वाद्यवृंदानं ती वाजवली. बर्कलीत ज्यांच्या रचनांचा अभ्यास केला, त्यांच्याच ताफ्यानं आपली गत वाजवावी, याहून मोठी पावती कुणाला काय मिळणार? सम्राटांनी एलिंग्टनना शाही सन्मानचिन्ह बहाल केलं. पुढच्या मे महिन्यात एलिंग्टन वारले. सप्टेंबरात सम्राटांचं राज्य गेलं.

एलिंग्टन आदिसमध्ये असताना उत्तरेकडच्या वोलो प्रांतात दुष्काळानं माणसं मरत होती आणि दरबार ते झाकत होता. १९७३ मध्येच ब्रिटिश पत्रकार जोनाथन डिंबलबी यांच्या माहितीपटानं ते जगापुढे आणलं. १९७४ च्या फेब्रुवारीत, इथिओपियन पंचांगाच्या येकातित महिन्यात, संप आणि लष्करी बंडाळ्या सुरू झाल्या. मुलातूंच्या त्या काळातल्या एका गतीचं नाव ‘येकातित’ आहे आणि दुसरीचं ‘नेत्सानेत’, म्हणजे स्वातंत्र्य. हवेत काय होतं ते या नावांवरून कळतं. १२ सप्टेंबर १९७४ ला हैले सेलासींना पदच्युत करण्यात आलं आणि ‘देर्ग’ या लष्करी समितीनं सत्ता घेतली. १९७७-७८ मध्ये तिनं केलेल्या कत्तलींना ‘लाल दहशत’ म्हणतात.

संगीताला मारायला देर्गला संगीतावर बंदी घालावी लागली नाही. संचारबंदी पुरेशी होती. आदिसचं संगीत रात्रीचं होतं. हॉटेलांचे बँड अंधार पडल्यावर सुरू होत आणि त्यांचा पगार रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या गिऱ्हाइकांतून येई. लोक दिवेलागणीनंतर घरी राहू लागले, तसा क्लबांचा गल्ला आटला. बँड विरळ झाले आणि आठ-दहा वादक पोसण्यापेक्षा एक सिंथेसायझर परवडू लागला. गाण्यांचे शब्द सेन्सॉरकडे जाऊ लागले. सरकारी ताफे उरले, पण त्यांना क्रांतीची गाणी वाजवायची होती. अम्हा एशेते १९७५ मध्ये अमेरिकेला गेले. देशात विनाइलची जागा कॅसेटनं घेतली आणि १९७८ नंतर तबकड्या निघणंच थांबलं.

‘वालियास’ या नामांकित बँडची हकिगत पाहिली की त्या पिढीचं काय झालं ते उमगतं. १९७७ मधल्या त्यांच्या ‘चे बेलेव’ या एलपीवर मुलातूंनीही व्हायब्राफोन वाजवला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा काही जण परतलेच नाहीत. त्यांच्यापैकी की-बोर्डवादक हैलू मेर्गिया वॉशिंग्टनमध्ये अनेक वर्षं टॅक्सी चालवत राहिले. गिऱ्हाईक नसलं की ते गाडीतच छोटा की-बोर्ड काढून सराव करत. मुलातू मात्र इथिओपियातच राहिले, शिकवत आणि वाजवत, जगाच्या नजरेआड.

या काळात ‘मुलातू ऑफ इथिओपिया’चं काय झालं असेल, याचा अंदाज आता बांधता येतो. न्यूयॉर्कच्या दुकानांत ती कुठल्या खान्यात ठेवायची हाच प्रश्न होता. जाझवाल्यांना ती फार नाचरी होती आणि फंकवाल्यांना फार अनोळखी. जिथं तिला हक्काचे श्रोते मिळाले असते, त्या शहराशी व्यापाराचा धागा नीट जुळण्याआधीच तुटला. लहान कंपनीची तबकडी एकदा संपली की पुन्हा छापायला मागणी लागते, आणि मागणी करणारे संचारबंदीत घरी बसलेले किंवा परदेशात टॅक्सी चालवणारे.

धागा पुन्हा जुळला तो फ्रान्समध्ये, आणि तोही एका पार्टीत. १९८४ मध्ये फ्रान्सिस फाल्सेतो या संगीतवेड्या फ्रेंच माणसाच्या कानावर महमूद अहमद यांची एक तबकडी पडली. पुढच्या वर्षी ते आदिसला जाऊन थडकले. १९८६ मध्ये महमूद यांची ‘एरे मेला मेला’ युरोपात निघाली. मग फाल्सेतोंनी अम्हा आणि कैफाच्या खजिन्याचे हक्क रीतसर मिळवले आणि १९९७ पासून पॅरिसच्या ‘बुदा म्युझिक’मार्फत ‘एथिओपिक’ ही सीडीमालिका सुरू केली. मालिकेचा चौथा भाग १९९८ मध्ये आला आणि तो सगळाच मुलातूंचा होता. १९७२ च्या एलपीवरची ‘देवेल’, ‘मुनाये’, ‘कासालेफकुत हुलू’ ही नावं तिथंही दिसतात.

त्यानंतर गाडी वेगानं धावली. बोस्टनच्या ‘आयदर/ऑर्केस्ट्रा’नं मुलातूंसोबत कार्यक्रम केले आणि २००४ मध्ये हा ताफा आदिसमध्ये जाऊन वाजवून आला. सिनेदिग्दर्शक जिम जार्मुश यांनी २००५ च्या ‘ब्रोकन फ्लॉवर्स’मध्ये मुलातूंच्या गती वापरल्या. त्यात बिल मरेनं रंगवलेल्या नायकाला त्याचा इथिओपियन शेजारी प्रवासासाठी सीडी भरून देतो आणि सिनेमाभर ती गाडीत वाजत राहते. कान महोत्सवात या सिनेमाला ग्रां प्री मिळालं. आदिसचं नावही न ऐकलेल्या लाखो प्रेक्षकांनी मुलातू ऐकले. २०१० मध्ये नास आणि डेमियन मार्ली यांनी मुलातूंच्या ‘येगेले टिझिटा’चा तुकडा उचलून त्यावर रॅप रचलं. बर्कलीनं २०१२ मध्ये आपल्या या माजी विद्यार्थ्याला मानद डॉक्टरेट दिली.

२०१७ च्या पुनर्मुद्रणाला अशी पार्श्वभूमी होती. श्रोते तयार होते आणि विनाइलची लाटही उसळत होती. २०२० मध्ये तर अमेरिकेत तबकड्यांच्या विक्रीचं उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच सीडीपेक्षा जास्त झालं. स्ट्रटच्या विस्तारित आवृत्तीत तीन तबकड्या होत्या. एकीवर मूळ स्टिरिओ ध्वनिमुद्रण, दुसरीवर मोनो मिश्रण आणि तिसरीवर स्टुडिओत घेतलेले पण १९७२ मध्ये वगळलेले टेक. मोनोत वाद्यं डावी-उजवीकडे विखुरत नाहीत, एकाच जागेतून येतात. त्यामुळे चाल एकसुरात वाजवण्यामागचा मुलातूंचा हेतू तिथं अधिक ठसतो. वगळलेल्या टेकमधून गत कशी पक्की होत गेली ते कळतं. जुनी रेकॉर्ड पुन्हा काढण्याचे दोन मार्ग असतात. एखादी वाजवून झिजलेली प्रत मिळवायची, तिच्यावरून नक्कल करायची आणि खुशाल विकायची, हा सोपा मार्ग. टेप आणि हक्कदार शोधून, करार करून, नव्यानं साचा कापून घेणं हा दुसरा. पहिल्यात संग्राहकाची हौस भागते, तर दुसऱ्यात कलावंताला पैसे मिळतात आणि अभ्यासकाला पुरावा.

तरीही पुनर्मुद्रणाच्या यशात एक धोका आहे. जाहिरातींमधून ‘विस्मृतीत गेलेलं संगीत’ हा शब्दप्रयोग इतका फिरला की आदिसवाले हे सगळं विसरले होते, असं वाटू लागतं. तसं काहीच नव्हतं. महमूद आणि तिलाहुन कॅसेटवर ऐकले जातच होते, लग्नांत वाजत होते, वॉशिंग्टनच्या इथिओपियन खानावळींत लागत होते. विसर पडला असेल तर तो पॅरिस-लंडन-न्यूयॉर्कच्या बाजाराला, आणि त्याला मुळात फारसं माहीतही नव्हतं. दुसरं असं की ‘सुवर्णकाळ’ म्हणून १९६९ ते १९७४ चा तुकडा कापून काढला की त्याच्या आधीची सरकारी बँडमधली चाळीस-पन्नास वर्षं नजरेआड जातात. आर्मेनियन अनाथ पोरं, नेर्सेस यांचे शागीर्द, पोलिसांचे आणि लष्कराचे वादक यांच्याशिवाय मुलातूंना आदिसमध्ये वाजवायला माणसं मिळाली नसती आणि ऐकायला तयार कानही.

मुलातूंनी स्वतः १९७२ ला शेवटचा शब्द मानलं नाही. २००९ मध्ये लंडनच्या ‘हेलिओसेंट्रिक्स’ या तरुण ताफ्याबरोबर त्यांनी नवी तबकडी केली. २०२५ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, ‘मुलातू प्लेज मुलातू’ आली. तिच्यात त्यांनी आपल्याच जुन्या गतींची बांधणी बदलली आणि क्रार, मासेंको, वाशिंत या देशी वाद्यांना जागा वाढवून दिली. संग्राहकाला मूळ प्रतीतला एक खरखराटही बदललेला चालत नाही. रचनाकाराला मात्र आपली गत अजून पुरी झालेली वाटत नाही. स्ट्रटच्या तीन तबकड्यांमुळे १९७२ चा एक टप्पा आता कुठल्याही फर्मानानं किंवा संचारबंदीनं पुसला जाणार नाही, आणि ते काम मोलाचं आहे. पण तो टप्पाच आहे. इथिओ-जाझचं खरं वय मोजायचं तर ते आडवाच्या लढाईनंतर आलेल्या पितळी वाद्यांपासून मोजावं लागेल, आणि ते अजून चालू आहे.